उंदरांचं मामेकुळ

ज्या माणसामुळे माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, त्याच माणसाच्या हाताखाली मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली. लोक विचारतात, राजीनामा का दिला नाही. दिला असता तर सूड कुठून घेतला असता? त्याच्या समोरच्या टेबलावर बसूनच तो घेता येण्यासारखा होता, आणि मी तो घेतला. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे शेवटी मी विरघळेन अशी वाट कोणी बघायला नको.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. कल्याणला दोन खोल्यांत आम्ही चौघं: आई, मी, माझी बायको आणि बहीण. वडील नव्हते. ते दारूने गेले. हे मी आडपडद्याने सांगत नाही, कारण आमच्या आळीत ते कोणाला माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यात ते उत्तम फिटर होते, हातात कला होती, आणि संध्याकाळी त्यांना गुत्त्यावरून आणायला आधी आई जायची, नंतर मी जायला लागलो. बहीण तेव्हा शाळेत होती. बापाचा शर्ट धुवायला टाकण्याआधी खिशात बाटलीचं बूच सापडलं तर ते आईच्या नजरेआड फेकून द्यायचं, एवढाच तिचा दारूशी संबंध. मोठी झाल्यावर ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. आवाज स्वच्छ, बोलणं नेमकं, आणि उलट उत्तर तयार.

माझी नोकरी ठाण्याला, औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत. मी संख्याशास्त्र शिकलेलो. प्रयोग इतरांनी करायचे, आकडे मी तपासायचे. जुळले नाहीत की परत पाठवायचे. त्यामुळे मी कोणाचा लाडका नव्हतो, आणि त्याची मला फिकीर नव्हती. आमच्या विभागाचे साहेब परदेशात शिकून आलेले. त्यांचा विषय व्यसन.

इथे एक साधी गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रयोगशाळेतले नेहमीचे पांढरे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावून तयार केलेले असतात. ते इतके एकसारखे होतात की शंभर उंदरांवर केलेला प्रयोग म्हणजे जवळजवळ एकाच उंदरावर शंभर वेळा केलेला प्रयोग. माणसं तशी नसतात. एकाच गुत्त्यावर दहाजण बसतात. त्यातले बरेचसे पिऊन घरी जातात, जेवतात, झोपतात. एखादा तिथेच संपतो. असं का होतं हे शोधायचं तर उंदीरही नाना रक्ताचे हवेत, आणि पुढच्या पिढ्यांतही ते तसेच नाना रक्ताचे राहावेत अशा बेताने त्यांच्या जोड्या लावायला हव्यात. साहेबांनी ठिकठिकाणांहून आठ निरनिराळ्या वंशांचे उंदीर मागवले आणि त्यांची मिसळ करायला घेतली. काळ्या डोक्याचे, तपकिरी, पिवळसर, पांढरे; आमच्या प्राणिगृहात एकदम गाव वसल्यासारखं झालं. कल्पना उत्तम होती. मी त्यांचा वैरी, पण हे मान्य करतो.

जोड्या कशा लावायच्या याचा नियम साहेबांनी स्वतः बसवला होता आणि त्याचं त्यांना फार कौतुक. ते आमच्याच जातीतले, आमच्यासारखेच देशावरचे. आपल्याकडे सोयरीक जुळवताना देवक बघतात. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर बोलणी तिथेच थांबतात. साहेबांनी उंदरांच्या आठ घराण्यांना देवकांचीच नावं दिली: कळंब, कमळ, वड, उंबर, हळद, केतकी, मोर आणि शंख. पिल्लाला बापाचं देवक. एका देवकात जोडी नाही. बस्स. पाहुणे आले की साहेब त्यांना पिंजऱ्यांपुढे उभं करून सांगायचे, "आमच्या पूर्वजांना हे शास्त्र आधीच ठाऊक होतं."

प्रयोग असा: प्रत्येक पिंजऱ्यावर दोन बाटल्या उलट्या अडकवलेल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेलं स्पिरिट. स्पिरिट सरकारी परवान्याचं, कुलपात ठेवलेलं. उंदराने आपल्या मर्जीने हवं ते प्यावं, आणि दुसऱ्या दिवशी बाटल्यांचं वजन करून कुठल्या बाटलीतलं किती गेलं ते काढायचं. उंदराला एकाच बाजूने पिण्याची सवय लागते, म्हणून बाटल्यांच्या बाजू रोज बदलायच्या. नळीतून गळणं आणि उडून जाणं हिशेबात धरायला हवं, म्हणून एका पिंजऱ्यात उंदीर न ठेवता नुसत्या बाटल्या लावायच्या. तिथे जितकी घट येईल तितकी सगळ्यांतून वजा. हा रिकामा पिंजरा माझ्या हट्टामुळे ठेवलेला.

पिंजरे साफ करायला कोपरीचा एक कोळी गडी होता. तो मला "आकडेवाले" म्हणायचा, मटक्याच्या अर्थाने. सकाळी मी आत गेलो की विचारायचा, "काय आकडेवाले, आज कंचा आकडा?" रिकाम्या पिंजऱ्यापुढे येऊन मान डोलवायचा. "यो एकटाच शाणा. कायच पीत नाय." आणि कळंबाच्या एखाद्या काळ्या डोक्याच्या नराकडे बोट दाखवून, "यो बग बेवरा. बाटली सोरत नाय."

ते खरं होतं. कळंब आणि कमळ या दोन घराण्यांतले उंदीर साधं पाणी जवळजवळ सोडून स्पिरिटच प्यायचे. आधी काही, मग पिढीगणिक जास्त, शेवटी जवळपास सगळेच. बाकीच्या घराण्यांत कोणी चाखून बघायचा, कोणी नळीला तोंडही लावायचा नाही. साहेबांनी निष्कर्ष काढला: बाप पिणारा असेल तर पोरं पिणारच, व्यसन रक्तात उतरतं. आकडे मी तपासले होते आणि ते बरोबर होते. आकडे बरोबर असले म्हणजे निष्कर्ष बरोबर असतो असं नाही, पण तेव्हा माझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास बहिणीला एक स्थळ आलं. मुलगा वर्तकनगरचा, सरकारी नोकरीतला, दिसायला बरा. बघणं झालं, पसंती झाली, देवक वेगळं निघालं. साखरपुड्याचं बोलणं चाललेलं असताना मुलाच्या वडिलांनी एकदम गप्प बसायला सुरुवात केली. मी दोनदा निरोप पाठवले. उत्तर नाही. शेवटी मी स्वतःच गेलो. त्यांनी मला दारातच गाठलं, जिन्यात घेऊन आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, राग मानू नका. मुलगी चांगलीच आहे. पण तुमचे वडील... आम्ही तुमच्या साहेबांनाच विचारलं. ते आमच्याच कॉलनीत राहतात. ते म्हणाले, रक्तात असतं. ते रोज उंदरांत तेच बघतात म्हणे."

"माझी बहीण दारू पिईल असं म्हणाले ते?"

"तसं नाही हो. पण तिची मुलं. आमची नातवंडं. आपण पुढचं बघायला नको का?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी नाकारलं नाही. खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"अहो, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मी खोटं बोलायला हवं होतं का? हे शास्त्र आहे. तुम्ही स्वतः आकडे तपासलेत."

"मला आधी विचारायचं होतंत, साहेब."

"तुम्हाला काय विचारायचं? तुमचे वडील प्यायचे, ते तर तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत."

ते खरंच होतं. व्यसनावर काम करतो म्हणून, आपुलकीने, एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ते बोललो होतो. त्यांनी ते मनात ठेवलं आणि नको त्या दारात नेऊन ओतलं. मी चहा घेतला आणि बाहेर आलो. त्या दिवशी ठरवलं की या माणसाला त्याच्याच उंदरांचे चावे बसले पाहिजेत.

पण सूड घ्यायचा तर आकडा खरा हवा. खोट्या आकड्याने मारलेला माणूस पुन्हा उठतो. मी एकही वजन बदलणार नव्हतो, एकही उंदीर गाळणार नव्हतो. सद्गुण म्हणून नव्हे. साहेबांना सुटायला फट राहू नये म्हणून.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी बहीण भाजी निवडता निवडता म्हणाली, "दादा, तुझं लग्न झालं तेव्हा वहिनीच्या घरच्यांनी आपल्या बाबांचं विचारलं होतं?"

"नाही."

"आपला बाप एकच ना? की तू दुसरीकडून आलास?"

आई म्हणाली, "अगं, भावाशी असं बोलतात का?" बायको आत जाऊन हसली. मला हसू आलं नाही. तोच बाप, तेच रक्त, आणि मुलाला कोणी काही विचारलं नाही, मुलीला मात्र नातवंडांपर्यंत जाब. ही बेरीज कुठेच जुळत नव्हती, आणि न जुळणारी बेरीज मला झोपू देत नाही.

मला वाट सापडली ती पुढचं स्थळ आलं तेव्हा. मध्यस्थ म्हणून आलेले आमच्या गावाकडचे एक वयस्कर गृहस्थ घरी बसून विचारत होते. जन्मवेळ, देवक, आणि मग नेहमीचा प्रश्न, "मामेकुळ कुठलं?" आईने आपल्या माहेरचं आडनाव सांगितलं. ते स्थळ पुढे गेलं नाही, पण माझं लक्ष त्या प्रश्नावर अडकून राहिलं. मुलीचं फक्त बापाचं देवक विचारून माणसं थांबत नाहीत, आईचं घरही विचारतात. उंदरांना ते कोणी विचारलं होतं? पिल्लाला बापाचं देवक, एवढंच पिंजऱ्यावर. आई कुठल्या घराण्याची, ते पिंजऱ्यावर येतच नव्हतं.

प्राणिगृहात कळंब आणि कमळ यांचे रॅक समोरासमोर होते. जोड्या साहेब स्वतः लावायचे आणि सोपं पडतं म्हणून समोरासमोरच लावायचे: कळंबाचा नर, कमळाची मादी, कमळाचा नर, कळंबाची मादी. देवक वेगळं, तेव्हा नियम पाळला गेला. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. पण कळंबाच्या त्या नराची आई कमळाची असायची, म्हणजे त्याच्यासाठी आणलेली कमळाची मादी ही त्याच्या मामाची मुलगी. त्याच्या पोराला पुन्हा मामाची मुलगी. खेड्यात दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या साटंलोटं करतात तसं. आठ घराण्यांची मिसळ म्हणायची, आणि प्रत्यक्षात समोरासमोरच्या रॅकांच्या चार बंद जोड्या. कळंब-कमळाच्या पहिल्या उंदरांत काही पिणारे निघाले असणार, आणि दार बंद असल्यामुळे तेच रक्त आतल्या आत फिरत घट्ट होत गेलं. साहेब ज्याला व्यसनाचा वारसा म्हणत होते तो एका बंद घराचा वारसा होता. माणसांबद्दल त्यातून काही म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. आमच्यात मामाची मुलगी चालते. चालते काय, हक्काची मानतात. साहेबांची बायको त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी होती. जे स्वतःच्या घरात वावगं वाटलं नाही ते पिंजऱ्यात कशाला वाटेल?

मी हे त्यांना खोलीत जाऊन सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. वार्षिक तपासणीची वाट बघितली. त्या वेळी बाहेरून तज्ज्ञ मंडळी यायची. अध्यक्ष म्हणून बंगालच्या एक प्राध्यापक बाई होत्या, वयाने मोठ्या, बारीक चष्म्याच्या, फार न बोलणाऱ्या. साहेबांनी सगळं सुंदर मांडलं. देवकांची गोष्टही सांगितली, लोक कौतुकाने हसले. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभा राहिलो. बोलणं इंग्रजीत चाललेलं. मी मुद्दाम मराठीत विचारलं.

"साहेब, कळंबाच्या नराला मादी कुठली देता?"

"कमळाची. देवक वेगळं आहे."

"आणि त्या नराची आई कुठली?"

"कमळाचीच." ते किंचित चिडले होते.

"मग ही मादी त्याची कोण लागते?"

आणि साहेब, जसं जेवणाच्या पंगतीत कोणी विचारल्यावर पटकन उत्तर द्यावं तसं म्हणाले, "मामाची मुलगी. चालते ती."

खोलीतली मराठी माणसं आधी खो-खो हसली. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि हसणं जिरत गेलं. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणाले हे? मी भाषांतर केलं. शब्दशः केलं, "चालते ती" सकट. बाईंनी चष्मा काढला आणि साहेबांना हळू आवाजात विचारलं, "किती पिढ्या?"

साहेबांची मान लाल झाली होती. आयुष्यात मला पुष्कळ चांगल्या गोष्टी बघायला मिळाल्या, मुलाचा जन्म बघितला, स्वतःचं घर झालेलं बघितलं, पण ती लाल मान मी त्यांच्या रांगेत ठेवतो.

बाईंनी तिथेच ठरवून दिलं की सगळ्या जोड्या नव्याने लावायच्या. आईचं घराणंही पिंजऱ्यावर यायला हवं, आणि प्रत्येक पिढीत नर पुढच्या-पुढच्या घराण्यात द्यायचे, गोल फिरवत, म्हणजे जवळचं नातं लवकर जुळून येणार नाही. जोड्यांचं काम माझ्याकडे दिलं. साहेबांनी संध्याकाळी मला बोलावलं.

"हे तुम्हाला मला एकट्याला सांगता आलं असतं."

"हो," मी म्हटलं. "जसं तुम्हालाही आधी मला एकट्याला विचारता आलं असतं."

पुढची दोनेक वर्षं मी उंदरांच्या सोयरिकी जुळवल्या. दोन्हीकडची कुळं बघून, पणजीपर्यंत. बहीण म्हणायची, "माझं एक होईना, आणि तुझ्या उंदरांच्या चार पिढ्या उजवल्या." तिची चेष्टा मी ऐकून घ्यायचो. तिला स्थळं येत होती आणि कुठेतरी अडत होती. कारण कोणी तोंडावर सांगत नव्हतं. वर्तकनगरच्या त्या घराने ते जातीतल्या चार ठिकाणी बोलून ठेवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. एका शास्त्रज्ञाने सांगितलंय, एवढी पुस्ती जोडून.

नव्या मिसळीचे निकाल यायला लागले. इथे आकडे देत नाही, कारण ते कागद आता माझ्याजवळ नाहीत आणि आठवणीतून आकडे देणं मला पटत नाही. पण चित्र स्पष्ट होतं. पिणाऱ्या नराच्या एकाच वेतातल्या पिल्लांत एखादं बापासारखं निघायचं, काही अधूनमधून तोंड लावायची, आणि बरीचशी साध्या पाण्यावर खूष. उलट, कधीच न पिणाऱ्या आईबापांच्या पोटीही एखादा असा निघायचा की कोळी गडी ओरडायचा, "सायेब, यो कुटून आला?"

एक गोष्ट मात्र मला हवी होती तशी आली नाही. पिणाऱ्यांची पिल्लं सरासरीने इतरांपेक्षा थोडी जास्त पीत होती. म्हणजे रक्ताचा काही वाटा होताच. मी ते अहवालात पहिल्या पानावर लिहिलं, दडवलं नाही. साहेबांनी सगळे हिशेब स्वतः पुन्हा केले, रात्रंदिवस बसून, माझी चूक शोधत. सापडली नाही. मला तेच हवं होतं. माझ्या आकड्यांवर त्यांची सही हवी होती, आणि ती मिळाली. निबंध त्यांच्या नावाने गेला. जाऊ दिला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डोंबिवलीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत कारकून. आई नव्हती, आत्याने वाढवलेला, आणि सगळा कारभार आत्याचाच. आम्ही गेलो तेव्हा बहिणीने कोणी विचारण्याआधीच सांगून टाकलं, "माझे वडील दारूने गेले. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे."

आत्या म्हणाल्या, "कळलंय आधीच. वर्तकनगरची मंडळी सांगत होती. कोणी शास्त्रज्ञ म्हणतात म्हणे, रक्तात असतं. खरं का हो?" हे त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "त्या शास्त्रज्ञांनाच घेऊन येतो. त्यांच्या तोंडून ऐका."

सोमवारी साहेबांच्या खोलीत गेलो. ऐकून ते ताडकन म्हणाले, "मी कशाला येऊ? हे तुमचं घरगुती आहे."

"तेव्हाही घरगुतीच होतं, साहेब. तेव्हा तुम्ही म्हणालात, शास्त्र आहे म्हणून सांगितलं. आताही शास्त्रच सांगायचंय. तुमच्या नावाने छापून आलंय, तोंडाने म्हणायला हरकत काय?"

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "कधी?"

रविवारी डोंबिवलीला त्या घरात साहेब खुर्चीच्या काठावर बसले होते. त्यांनी सांगितलं की त्यांचा आधीचा निष्कर्ष चुकीच्या जोड्यांवर आधारलेला होता. बाप प्यायचा म्हणून मुलं पितीलच असं म्हणता येत नाही. वाक्य पाठ केल्यासारखं बोलले, पण सगळं बोलले.

आत्या सोडणाऱ्या नव्हत्या. "म्हणजे पिणाऱ्याची पोरं पीतच नाहीत?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना मदत केली नाही.

"काही पितात," ते म्हणाले.

मग बहीण म्हणाली, "त्या काहींतली मी नाही, एवढं मी आज सांगू शकते. पुढच्यांचं मला माहीत नाही, आणि तुम्हालाही तुमच्या घरातलं माहीत नाही. ठरवा."

आत्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, "अहो, आमचा धाकटा भाऊ न्या की तुमच्या पिंजऱ्यात. याचा काका. खाणंपिणं फुकट आहे म्हणता." मुलगा मान खाली घालून हसायला लागला, बहीणही हसली, आणि लग्न तिथेच ठरलं असं मी मानतो, देण्याघेण्याच्या याद्या नंतर झाल्या तरी.

परतताना मी साहेबांबरोबर रिक्षात होतो. स्टेशन जवळ आल्यावर ते म्हणाले, "झालं तुमचं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "वर्तकनगर राहिलंय."

"आता तिथे कशाला? त्या मुलाचं लग्न होऊन गेलंय."

"बहिणीला त्यांची सून व्हायचं नाही, साहेब. पण ते अजून लोकांना सांगतात, आणि तुमच्या नावाने सांगतात."

पुढच्या रविवारी मी सकाळीच त्यांच्या बिल्डिंगखाली जाऊन उभा राहिलो. ते खाली आले. शेजारच्या इमारतीचे जिने आम्ही चढलो. पूर्वी मला दारातच गाठून जिन्यात आणणाऱ्या त्या गृहस्थांनी या वेळी साहेबांना बघून दार पूर्ण उघडलं. "या, या, साहेब!" मग मागे मी दिसलो. त्यांना बसा म्हणावंच लागलं. घरात त्यांचा मुलगा होता, सून होती, सुनेचे माहेरचे कोणी आले होते. माणसं जितकी जास्त तितकं बरं, असं मला वाटलं.

साहेबांनी पुन्हा तेच सगळं सांगितलं. या वेळी मी त्यांना एक वाक्य जास्तीचं म्हणायला लावलं. "त्या मुलीबद्दल मी बोललो ते चूक होतं," असं म्हणा, म्हटलं. नुसतं उंदरांबद्दल नको. ते म्हणाले.

गृहस्थ ओशाळं हसले. "अहो, ते काय आम्ही मनावर घेतलं नव्हतं. आम्ही तर मुलीची उंची जरा कमी वाटली म्हणून..."

"मग उंचीचंच सांगायचं होतंत लोकांना," मी म्हटलं. "यापुढे तेच सांगा."

सुनेने चहा आणला. साहेबांनी कपाला हात लावला नाही. त्यांचा चहा समोर निवत राहिला, साय धरली. मी माझा बशीत ओतून सावकाश संपवला आणि तिला म्हटलं, छान झालाय, असला तर आणखी अर्धा कप दे.